वजा तीस
खाणीत सगळे त्याला मास्तर म्हणायचे. सुरुंग उडवण्याआधी दगड कुठवर जातील ते काढायचं आणि तिथे दोरी बांधायची, हे त्याचं काम. त्याच्या थोरल्या भावाने नववीत शाळा सोडून याच खाणीत नोकरी धरली, म्हणून धाकट्याला कॉलेज बघता आलं. "आमच्या घरातलं डोकं हे!" असं भाऊ डंपरमधून ओरडून सांगायचा.

दगड वर जातो, वाकतो, खाली येतो. ती सगळी वाट एका वर्गसमीकरणात बसते. दगड जेवढा लांब गेला त्यातून त्याच लांबीच्या वर्गाचा एकशेसाठावा भाग वजा केला की उंची मिळते. उंची शून्य धरली की उत्तर एकशे साठ मीटर. मास्तर आणखी वीस सोडून एकशे ऐंशीवर दोरी बांधायचा. चार वर्षांत खडाही पलीकडे गेला नव्हता.

त्या सोमवारी काम वरच्या टप्प्यावर सरकलं, तीस मीटर उंच. मास्तरने घाईत जुनाच कागद वापरला. खाली दोरीपलीकडे भाऊ डंपरला टेकून उभा होता. धुरळा बसला तेव्हा तो आडवा पडला होता. दवाखान्यापर्यंतही पोहोचला नाही.

मास्तरने कागद पुन्हा काढला. दगड आता उडाल्या जागेपेक्षा तीस मीटर खाली पडत होता, म्हणून शून्याच्या जागी वजा तीस घातले. उत्तर आलं एकशे शहाऐंशी.

चौकशीला आलेले साहेब म्हणाले, "दोरी नियमापेक्षा लांबच होती. दगडाचा काय नेम?"

"नेम होता, साहेब. मीच तीस विसरलो."

"उगाच जिवाला लावून घेऊ नका. सही करा."

मग तो वहिनीकडे गेला. ती भावाचे शर्ट घडी करत होती.

"वहिनी, माझं गणित चुकलं."

"असं काय बोलता, भाऊजी?"

त्याने दोन्ही कागद समोर ठेवून समजावलं. तिने वजा तीसवर बोट ठेवलं.

"म्हणजे हे एवढं लिहिलं असतं, तर ते घरी आले असते?"

"हो."

"किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. "उठा," म्हणाली. "परत येऊ नका."

महिन्याभरात ती माहेरी निघून गेली. खाणीने मास्तरला काढलं नाही, बोलही लावला नाही. तो आता प्रत्येक गणित तीनदा करतो. माणसं त्याच्या दोरीमागे बिनधास्त उभी राहतात, आणि त्याला त्यांच्याकडे बघवत नाही.