कुठल्या सटनचे साहेब

“दक्षिणेला. पण कशाच्या?” असं म्हणून साहेब चष्मा कपाळावर सरकवायचे आणि डोळे चोळायचे. वरिष्ठांचा मोघम मेल आला की हेच, लिफ्ट बंद असल्याची पाटी दिसली की हेच. ऐकणाऱ्याला वाटे, माणूस फार दमलाय. दमलेले तर ते होतेच. सिंगापुरात, तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात दमलेलं नव्हतं कोण?

साहेब इंग्रज, आडनाव सटन. बंदरात जाऊन जहाजं तपासायची आणि रिपोर्ट लिहायचा, हे त्यांचं काम. बिलं करणं माझं. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, “तुमचं गाव कुठलं?” हे विचारल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

“गाव नाही. वडील रेल्वेत होते. सारख्या बदल्या.”

“पण सटन नावाचं गाव असेल ना? आम्ही वडगावचे, म्हणून वडगावकर.”

साहेबांनी ते फारच मनावर घेतलं. चार दिवसांनी माहिती काढून आले. सटन म्हणजे जुन्या इंग्रजीत दक्षिणेकडची वाडी. फार पूर्वी कुठल्याशा वस्तीच्या दक्षिणेला चार घरं झाली, त्यांना हे नाव पडलं. पंचाईत अशी, की अशा वाड्या देशभर झाल्या. सटन नावाची गावं आजही डझनांनी आहेत आणि ती कशाच्या दक्षिणेला, हे नावात कुठेच नाही. साहेबांची ती “पण कशाच्या?” म्हणायची सवय तेव्हाची.

मी म्हणाले, वडगावंही तालुक्यागणिक सापडतील.

“मग तुमचं कुठलं, ते कसं कळतं?”

“तिथे आमची देवी आहे. नवरात्रात देवीची ओटी पाठवली नाही, तर चुलत सासऱ्यांचा फोन येतो.”

देवीपेक्षा त्यांना चुलत सासऱ्यांचाच हेवा वाटला असावा.

मग दर रजेला साहेब एकेक सटन पालथं घालू लागले. एका सटनमध्ये पेट्रोल पंपाखेरीज काही नव्हतं. एका ठिकाणी पावसात चर्चच्या आवारात हिंडून त्यांनी सगळी थडगी वाचली. सटन आडनावाचं एकही सापडलं नाही. परत आले की खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, “हेही नव्हे.” बायको कधीच सोडून गेलेली, मूलबाळ नाही. इथे कायमचं राहायची परवानगी मागायचं ते वर्षानुवर्षं पुढे ढकलत आले होते, कारण शेवटी गावीच तर जायचं. आता वयामुळे कंपनी नोकरी संपवणार होती, आणि नोकरीबरोबर इथे राहण्याचा पासही. जायचं नक्की होतं. कुठे, ते ठरत नव्हतं.

एका रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठी साताय, म्हणजे काडीला टोचून भाजलेलं मांस, खाताना थडग्यांचा विषय निघाला. माझा नवरा जहाजावरचा इंजिनिअर, नुकताच उतरलेला, जांभया देत होता. मधेच तो म्हणाला,

“साहेब, गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण देईल? वडगावात आम्हाला खालच्या आळीतले म्हणतात. आजोबा पुण्याला आले, तेव्हा वडगावकर झाले. तुमचा पूर्वजही गाव सोडून गेला असणार. दुसऱ्या गावच्या लोकांनी त्याला सटन म्हटलं.”

साहेबांनी काडी खाली ठेवली. “म्हणजे मी निघून जाणाऱ्याचा वंशज,” ते म्हणाले, “आणि शोधतोय न गेलेल्यांना.”

त्यानंतर त्यांनी शोध थांबवला. बस येते आणि घरभाडं झेपतं, एवढ्यावर त्यांनी एक सटन ठरवलं. ज्या दिवशी टेबल आवरलं, त्या दिवशी खालच्या कॉफीवालीने त्यांना फुकट कोपी दिली आणि इथल्या इंग्रजीत म्हणाली, “गुड लाह अंकल, गो होम ऑलरेडी.” ते तिला हसून थँक यू म्हणाले. वर आल्यावर मला म्हणाले, “तिथले लोक मला सामावून घेतील ना?”

मी म्हणाले, “घेतील.” माझा बिलकुल विश्वास नव्हता. मला त्यांची काळजी वाटत होती, रडूही येत होतं, आणि तिमाहीअखेरचं काम तसंच पडलं होतं.

आता त्यांच्या टेबलावर प्रिंटर आहे.

मध्यंतरी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. अंगात जाड स्वेटर, मागे एका छोट्या दुकानातली फळी. मी विचारलं, “गावात कुणी ओळखतं का तुम्हाला?”

“सटन म्हणून कुणीच नाही. इथे त्या नावाचा काय उपयोग? अख्खं गावच सटन. यांनी दुसरंच ठेवलंय.”

“काय?”

ते सांगणार, तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, “सिंगापूर, दार लोटून घे, गारठा येतोय.”

“आलो,” म्हणाले, आणि दार लावायला गेले.