नव्या सरकारचा गूळ

लढाई संपल्यावर विलायतेत मजूर पक्षाचं सरकार आलं, तेव्हा वडगावात मीच गूळ वाटला. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेला धाकटा भाऊ आता सुटणार म्हणून कंट्रोलातलं सूत मिळवून त्याच्या हातमागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढवून ठेवला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तो आला नाही.

आमचे वडील आप्पा म्हणाले, "नवं सरकार हाय रं, दम धर."

"लुगड्याचा पोत पहिल्या वितीतच कळतो, तुमीच शिकवलंय न्हवं? ह्यांची वीत विणून झाली."

रागानं मी तो ताणा कापून टाकला.

आषाढात भाऊ सुटून आला. रिकाम्या मागाकडं बघत म्हणाला, "अण्णा, माझा ताणा?"

"सरकारनं लई उशीर केला," मी म्हटलं. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. भावाला मात्र ते कधी पटलं नाही.