मयुरीच्या वहीतलं माझं रक्तदान

हसणार असाल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता. आणि हसून झाल्यावर मला अक्कल शिकवायला लागू नका. ती घरात वर्षभर शिकवून झालेली आहे.

तर मी एसटीत कंडक्टर. धाराशिव ते तेर आणि तेर ते धाराशिव. या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मला ओळखतो आणि प्रत्येक म्हातारी मला नावानं हाक मारते. राहायला तेरमध्येच. घरी बायको सुरेखा आणि एकुलती एक पोरगी मयुरी. गोष्ट घडली तेव्हा ती नववीत होती आणि शाळेच्या गाइडमध्ये होती. मुलांचं ते स्काऊट, मुलींचं ते गाइड, एवढं तुम्हाला माहीत असेलच. मला तेवढंच माहीत होतं. निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ आणि रविवारची झोपमोड, असा माझा समज.

मग एक दिवस डेपोत आमच्या एका ड्रायव्हरनं पेढे वाटले. का, तर त्याच्या पोराला स्काऊटचा राज्यपुरस्कार मिळाला. मी विचारलं, त्यानं काय होतं? तो म्हणाला, दहावीला मार्क वाढतात, पुढं कुठं ना कुठं उपयोगी पडतं, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं की पाहुणे गप्प बसतात. झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. आमची पोरगी स्कार्फ बांधून इतकी वर्षं काय नुसती शिट्ट्या वाजवत बसली होती काय?

घरी येऊन चौकशी केली तर कळलं, पोरगी एकेक पायरी चढत तिथंच पोचली होती. प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय सगळं पार. राज्यपुरस्काराची परीक्षा तोंडावर, धाराशिवला तीन दिवसांचं शिबिर. आणि बापाला पत्ता नाही. सुरेखा म्हणाली, "तुमी इचारलं व्हतं कधी?" या बाईला असे प्रश्न बरोबर वेळेवर सुचतात.

शाळेत गाइडच्या गायकवाड मॅडमनी पालकांची सभा घेतली. मीही रजा टाकून गेलो. मॅडम म्हणाल्या, परीक्षेला नोंदवही लागते. मुलीनं वर्षभरात काय काय केलं ते तिनं स्वतः लिहायचं, जसं झालं तसं लिहायचं, पालकांनी फक्त सही करायची. हे वाक्य मी ऐकलं होतं. नंतर ते मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

सही करायला वही उघडली आणि माझं डोकंच फिरलं. अहो, काय ती वही! पानावर तेलाचे डाग, अक्षर तिरपं. आणि मजकूर ऐका. "आज तीन दगडांच्या चुलीवर खिचडी केली. करपली. परत केली. या वेळी मीठ टाकायचं राहिलं." दुसऱ्या पानावर, "आईच्या हाताला बँडेज बांधलं. आईनं भांडी घासायला हात हलवला आणि ते सुटलं." पुढं, "एका आजींना स्टँडवरून घरी सोडलं. त्या वाटेत तीन ठिकाणी बसल्या. मला शाळेला उशीर झाला. मॅडम रागावल्या."

आता मला सांगा, ही परीक्षेला द्यायची वही आहे का पोलिसात द्यायचा जबाब? हिला कोण राज्यपुरस्कार देणार?

मयुरी तेव्हा दोन दिवस मामाकडं गेली होती. मी वही उचलली आणि आमच्या आळीतल्या रिटायर गुरुजींकडं गेलो. गुरुजींचं अक्षर असं की गावातल्या लग्नपत्रिका छापण्याआधी त्यांच्याकडून लिहून घेतात. नवी वही घेतली, मी सांगत गेलो आणि गुरुजी लिहीत गेले. खिचडी "अत्यंत रुचकर" झाली. बँडेज "अचूक" झालं. आजी एक होत्या त्या "अनेक वृद्ध" झाल्या. शाळेमागं लावलेली दोन रोपं होती, त्यांची दोनशे झाली. हात सुटला की माझं असंच होतं, तिकिटाच्या मशीनवर बंधन असतं म्हणून नोकरी टिकली.

मग मला वाटलं, काहीतरी भारदस्त पाहिजे. महिन्यापूर्वीच डेपोत रक्तदान शिबिर झालं होतं. मी दिलं होतं रक्त. म्हटलं, गुरुजी, लिवा, रक्तदान केले.

गुरुजींनी पेन थांबवलं. "बालाजीराव, पोरीचं वय काय?"

"चौदा."

"चौदा वर्षाच्या पोरीचं रक्त कोण घेतंय?"

"गुरुजी, माझ्या अंगातलं रक्त ते तिचंच की. तुमी लिवा."

गुरुजींनी लिहिलं. वर माझ्याकडं बघून असा सुस्कारा सोडला की तेव्हाच मला समजायला पाहिजे होतं.

शिबिराच्या दिवशी सहा पोरी माझ्याच गाडीत बसल्या. मॅडम पुढं गेल्या होत्या. सगळ्या नोंदवह्या एकत्र बांधून आणा असा त्यांचा निरोप होता. कंडक्टरच्या शेजारची सीट, वह्यांचा गठ्ठा, आणि मी. गाडी तेरमधून निघाली तेव्हा गठ्ठ्यात मयुरीची वही होती. धाराशिवला पोचली तेव्हा गुरुजींची होती. खाकी कव्हर तेच, लेबल तेच. पोरीनं खिडकीतून बाहेर बघत गाणी म्हटली, तिला काही कळलं नाही. मी स्वतःवर खूश.

पण मी एवढ्यावर थांबणारा माणूस आहे का? परीक्षा म्हणजे एक रीत, पुरस्कार तर आपलाच, असं मी धरूनच चाललो. तेरच्या स्टँडजवळ दत्ताचं फ्लेक्सचं दुकान आहे, तिथं गेलो. मयुरीचा ड्रेसमधला चांगला फोटो एकच होता, जुन्या वहीत चिकटवलेला. तो मी टरकन काढून दत्ताला दिला. उरलेली वही काय कामाची? ती त्याच्या टेबलाखालच्या रद्दीत टाकून दिली. म्हटलं दत्ता, मोठा बनव, स्टँडवर लावायचा. पोरगी यायच्या दिवशी माझी सुट्टी होती, तोच मुहूर्त धरला.

पुढं काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. आपल्याकडं एखाद्याचा वाढदिवस असला तरी चौक झाकून जातो, आणि इथं तर राज्यपुरस्कार! फ्लेक्सवर मयुरीचा फोटो बशीएवढा आणि माझा ताटाएवढा. डोळ्याला गॉगल, कानाला फोन. खाली शुभेच्छुक म्हणून अख्खा डेपो. मी एका फेरीत चार माणसांना सांगितलं, आणि गाडी तेरला पोचेपर्यंत पोरीला राज्यपालांनी जेवायला बोलावलं होतं. आमचे जुने सरपंच आण्णा यांच्या कानावर गेलं. त्यांनी स्टँडवरच सत्कार ठरवला. टेबल आलं, माईक आला, हलगीवाले आले. हे सगळं झालं आणि कुणीही, कुणीही मला विचारलं नाही की निकाल लागला का.

तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी आली. हलगी सुरू झाली. पोरी उतरायला लागल्या आणि दारातच थबकल्या. मागून गायकवाड मॅडम उतरल्या. त्यांनी फ्लेक्स वाचला. मग माझ्याकडं बघितलं. मी हात जोडले.

मॅडम जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "निकाल लागायला अजून महिने आहेत. आणि मयुरीचा तर लागणारच नाही."

मग त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. परीक्षक बाईंनी वही चाळली, एका पानावर थांबल्या आणि मयुरीला विचारलं, रक्तदान कुठं केलंस? पोरगी चक्रावली. वही हातात घेऊन दोन पानं उलटली आणि म्हणाली, ही वही माझी नाही. बाई म्हणाल्या, वरती नाव तर तुझंच आहे.

"नाव माझं हाय. काम माझं न्हाय."

"मग कोणाचं?"

"आमच्या पप्पांचं असंल."

बाईंनी तिची पाठ थोपटली, खरं बोललीस म्हणाल्या, आणि वही परत केली. स्वतःची वही असल्याशिवाय परीक्षा नाही, पुढच्या वेळी ये. बाकी सगळं तिला येत होतं हो! गाठी, प्रथमोपचार, सगळं. मॅडमनी हे मला दोनदा सांगितलं.

इकडं आण्णांनी हलगी थांबवून माईक पोरीच्या हातात दिलासुद्धा. मी हातानं खुणा करत होतो, नको नको. पण खुणा गाडी थांबवायला उपयोगी पडतात, पोरगी थांबवायला नाही. ती म्हणाली, "मला कायबी मिळालं न्हाय. वहीत खोटं व्हतं म्हणून मी परीक्षेला बसले न्हाय. नारळ परत ठेवा." आणि माईक टेबलावर ठेवून दिला.

स्टँडवर शे-दीडशे माणूस आणि आवाज फक्त गाडीच्या इंजिनाचा. मला वाटलं, आता तेरणा नदीत जाऊन उभं राहावं. पाणी नव्हतं, नाहीतर गेलोच असतो.

घरी आल्यावर ती एकच विचारत होती, "माजी वही कुटंय?" मी खरं सांगितलं. दत्ताकडं धावलो, पण रद्दीवाला सकाळीच गठ्ठा घेऊन गेला होता. पोरगी रडली. फ्लेक्ससाठी नाही, पुरस्कारासाठी नाही, त्या करपलेल्या खिचडीच्या पानासाठी रडली. मला खूप वाईट वाटलं, हे इथं सरळ सांगून टाकतो. सुरेखानं माझ्यापुढं नुसतं ताट सरकवलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

रडून झाल्यावर मयुरीनं नवी वही काढली, पहिल्या पानावर नाव घातलं आणि मला फर्मान सोडलं. "आता तुमी यात हात घालायचा न्हाय. सही करायची, गप बसायचं."

गप बसणं! तुम्हाला वाटत असेल सोपं आहे. अहो, माझी नोकरीच ओरडायची. दहावीचं वर्ष, अभ्यास डोक्यावर, आणि ही पोरगी अंगणात तीन दगड मांडून परत खिचडी करतेय. लाकूड ओलं, घरभर धूर, माझ्या डोळ्यांतून पाणी. मला दिसतंय की फुंकणी चुकीच्या बाजूनं मारतेय. सांगायला तोंड उघडलं की आतून सुरेखाचं खाकरणं. मी मुकाट्यानं ओसरीवर बसून राहिलो. खिचडी कच्ची राहिली. तीही मीच खाल्ली, आणि तिनं वहीत लिहिलं, "कच्ची राहिली. पप्पांनी खाल्ली."

बँडेजला पेशंट लागतो, तेवढं मात्र मला नेमलं. डोकं बांधून घ्यायचं, हात बांधून घ्यायचा. एकदा जबडा बांधला. तो बांधला तेव्हा घरात सगळ्यांनाच बरं वाटलेलं दिसलं. एकदा गाडीत कुणा बाईनं विचारलं, मास्तर, पोरीच्या त्या पुरस्काराचं काय झालं? माझ्या जिभेवर दोनशे रोपं आली होती. गिळली. म्हणालो, करतेय तिचं ती, मला काही माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मी गाडीत एवढं छोटं वाक्य बोललो असेन.

पोरगी परीक्षेला गेली. मी गठ्ठ्याला हात लावला नाही, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर ठेवला आणि स्वतः पार मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आली, दप्तर उघडून अभ्यासाला बसली. मी काही विचारलं नाही. महिने गेले. मग एका दुपारी गायकवाड मॅडम स्वतः स्टँडवर येऊन म्हणाल्या, मयुरीला राज्यपुरस्कार मिळाला. या वेळी कागदावर आहे, वाचून घ्या.

सत्कार शाळेत झाला. फ्लेक्स नव्हता. मी पालकांत, शेवटच्या रांगेत. मयुरीच्या हातात माईक आला तसं मी समोरच्या माणसाच्या पाठीमागं डोकं लपवलं. ती म्हणाली, "मागच्या टायमाला पप्पांनी लई मदत केली, म्हणून पुरस्कार हुकला. यंदा त्यांनी कायबी केलं न्हाय, म्हणून मिळाला. पप्पा, तुमचे आभार."

सगळी शाळा हसली. मीही हसलो, काय करणार? तेवढ्यात पाहुणे म्हणून बसलेले आण्णा उठले. त्यांच्याकडं एक शाल जास्तीची उरली होती. त्यांनी मला पुढं बोलावलं.

मी विचारलं, "आण्णा, मला कशाबद्दल?"

"कायबी न केल्याबद्दल. तुला लई जड गेलं असंल."

आता बोला! इतकी वर्षं इमानानं नोकरी केली, तिकिटाशिवाय माणूस बसू दिला नाही, कुणी कधी साधा नारळ दिला नाही. आयुष्यातली पहिली शाल मिळाली ती काहीही न केल्याबद्दल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती मला मिळायलाच पाहिजे होती.