वीज गेली आणि माग वाचले
नव्या टॉवेलाच्या खळीचा वास आला की आमच्या सोलापुरातल्या कारखान्यातला तो दिवस आठवतो. यंत्रमागांचा खडखडाट असा, की बार्शीतल्या म्हशी दचकायच्या. आम्ही गुपितंसुद्धा ओरडूनच सांगायचो. माग परदेशी न नेता इथंच ठेवले, तर सरकार वीजबिलात सूट देणार होतं. त्यासाठी सरकारी साहेब कारखाना तपासायला आले. मालक मुकादमाच्या कानाशी ओरडायला लागले अन् नेमकी वीज गेली! चिडीचूप कारखान्यात मालकांचा आवाज घुमला, "सूट मिळू दे, मग माग बांगलादेशला धाडू!" सुताच्या कांड्या भरणारी अक्का म्हणाली, "सायेब, हे बी लिवून घ्या की!" साहेबांनी मालकांकडूनच लिहून घेतलं, दहा वर्षं एकही माग हलणार नाही. आम्ही असा जल्लोष केला, की अक्कलकोटात लोक घराबाहेर आले. मी अजून माझ्या त्याच मागावर आहे, आणि वीज गेली की आम्ही सगळे आधी मालकांच्या तोंडाकडे बघतो.