देवापुढच्या मोरो तलवारीचं गाव शोधताना

"कोणाच्या घरची ते कळल्याशिवाय ही बया देवापुढे राहणार नाही," असं पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी जाहीर केलं आणि आमची शनिवारची सहल ठरली.

बया म्हणजे तलवार. दसऱ्याला दरवर्षी लॅपटॉपवर हळदकुंकू वाहून कंटाळलेल्या माझ्या नवऱ्याने ती आमच्या इथल्या डच गावातल्या, फोरबर्गच्या क्रिंगलोपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, हौसेने आणलेली. नागमोडी पातं बघून आम्ही ती जावा बेटावरची समजलो. पूजेत आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिच्यावर लिंबू कापून ठेवलं, तर रस लागला तिथे पोलादात बारीक रेघा उमटल्या! घाबरून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांच्या एका ग्रुपवर फोटो टाकले. उत्तर आलं की खराब झालेली नाही, घडणीचे थर दिसताहेत. पण ही जावाची नव्हे, दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो मुसलमानांची.

न्यूनेनजवळच्या एका हॉलमध्ये जुन्या शस्त्रांचा बाजार होता. गाडीने दीडेक तास, पार्किंग फुकट, तिकीट दहा युरो. शस्त्र न्यायचं तर नियम आधी बघून घ्या. आमची तलवार चादरीत बांधून डिकीत होती. खायला फक्त फ्रीत, म्हणजे बटाट्याचे तळलेले काप, आणि मेयोनीज, त्यामुळे थालीपिठं आणल्याबद्दल आईंना शंभर मार्क.

एका टेबलावर मोरो तलवारींची रांगच लागलेली. मी हरखलेच. टेबलामागचे डच आजोबा एकेक उचलून दाखवू लागले. पानासारखा रुंद बारोंग सुलू बेटांकडचा. लांबलचक कांपिलान मिंदनाव या मोठ्या बेटाचा, मूठ जबडा वासल्यासारखी. आणि आमच्या तलवारीसारखा नागमोडी क्रिस, जो दोन्हीकडे सापडतो. जावाचा क्रिस भोसकायचा, हा हाणायचा, म्हणून इतका जड.

शेजारी बसलेली त्यांची सून सोराया मिंदनावच्या लानाव तळ्याकाठची. तिने आमच्या तलवारीच्या काकाकुवाच्या डोक्यासारख्या मुठीवरून बोट फिरवलं.

"मूठ आमच्याकडची वाटते. पातं कदाचित सुलूचं. मुठी बदलत असत."

"हिच्या घरची असेल का, विचार," आई मला म्हणाल्या. मी इंग्रजीत विचारलं.

सोराया हसली नाही. "आमची नाही. पण अशी तलवार बापाकडून मुलाकडे जाते, कोणी विकत नाही. बाजारात आली म्हणजे त्या घरावर काहीतरी वेळ आली असणार."

मी भाषांतर केलं आणि आई तलवार चादरीत गुंडाळू लागल्या. आजोबांनी चांगली किंमत देऊ केली, नवऱ्याचा चेहरा खुलला. "विकायची नाही," आई एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर आईंनी तलवार देवांच्या रांगेत परत ठेवली नाही, बाजूला वेगळा पाट मांडून त्यावर ठेवली.

"घर सापडलं नाही ना, मग हा पाट कशाला?" मी विचारलं.

"म्हणूनच. हिच्याकडे आपल्यासाठी काही मागायचं नाही. ज्यांच्या घरून गेली, ती माणसं सुखरूप असू देत, एवढंच म्हणायचं."

मी हात जोडले. कोणाचं नाव घ्यावं कळेना, म्हणून तळ्याकाठच्या आणि बेटांवरच्या सगळ्यांसाठीच मागितलं.