भाटघरच्या पाण्यातली खाज

भाटघर धरणाचं पाणी मार्चात खाली सरकलं, की ठकुबाई उघड्या पडलेल्या गाळात काकड्या लावायची आणि राखणीला खोपटात एकटीच राहायची. नवरा गेनू जाऊन सहा वर्षं झालेली. दिवसभरात बोलायचं ते टिटव्यांशी, तेही भांडण.

२००४च्या उन्हाळ्यात भोरची नुजहत तिथं आली. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिला हवा होता बुडालेल्या दगडांना चिकटून वाढणारा हिरवट स्पंज, पाण्यातला एक जीव. गावाच्या लेखी तो नुसती ‘खाज’. हात लावला की आग आग.

“हे घिऊन काय करायचं?”

“मावशी, खाजतं ते यातल्या काचेच्या सुयांनी. सुईच्या पोटात प्रथिन असतं, तेच काच घडवतं. आम्ही ते काढून पट्टीवर पसरतो, वर टायटॅनियमचं पाणी सोडतो. भट्टी न पेटवता धातूच्या ऑक्साइडचे कण पट्टीवर बसतात. केसाच्या जाडीचे हजार भाग करा, त्यातल्या एकाएवढे.”

“मग दिसत्यात कसं?”

“यंत्रातनं.”

“डोळ्यांना न दिसणाऱ्यापायी गुडघाभर चिखलात आलीस व्हय? आईला म्हाईत हाय का?”

नुजहत हसली. ठकुबाईनं पाण्यात शिरून मूठभर काढून दिली. “एवढीच घावली. पुढल्या गुरुवारी ये, तवर बघून ठिवते.”

खरं तर बुडालेल्या जुन्या बांधाला ही खाज पोत्यानं होती.

मग नुजहत दर गुरुवारी बर्फाचा डबा घेऊन यायची, भाकरी खायची, पुण्यातल्या गमती सांगायची. ठकुबाई बुधवारीच केस धुवून ठेवायची. पाच गुरुवार, पाच मुठी.

सहाव्या गुरुवारी पोरीनं भाकरीला हात लावला नाही.

“पुरत नाही मावशी. थर अर्धाच बसतो. एकदम पाच-सहा किलो पाहिजे. महिनाअखेर जमलं नाही तर सर म्हणतात, विषय बदला. माझी तीन वर्षं फुकट.”

पाणी रोज वीतभर उतरत होतं. बांध उघडा पडला की सगळं वाळून जाणार.

“आन् पुरलं, तर येशील का पुन्ना?”

“पुरलं तर वर्षभर प्रयोगशाळेतच. सवड कुठली?”

ठकुबाईनं लुगडं खोचलं. “चल. त्या बांधाला लई हाय.”

“माहीत होतं तुम्हाला?”

“व्हय.”

“पहिल्यापासनं?”

“व्हय म्हनलं न्हवं.”

“मग सांगितलं का नाही?”

“दगडावर पाय सांभाळून ठिव.”

दोघींनी दुपारपर्यंत बांध खरवडला. भरलेला डबा डोक्यावर घेऊन ठकुबाई रस्त्यापर्यंत गेली.

“फोन करीन मावशी.”

“कुठं करशील? हितं फोन न्हाई.”

एसटी गेली.

आठवड्यात बांध उघडा पडला, खरवडून स्वच्छ केलेला. गुरुवारी ठकुबाई त्यावर रस्त्याकडं तोंड करून बसली. एसटी थांबली, कुणी उतरलं नाही. उतरणार नव्हतंच. तिनंच तशी सोय केली होती.