सरेस

भोकरदनच्या बौद्धवाड्यातला तो, वाद्यं दुरुस्त करायचा. लाकडाशी बोलायचा, "थांब राजा, जल्दी न्हाई." आमच्या काकांच्या जुन्या स्टील गिटारची उखडलेली घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, त्यानं सरेस लावून चिकटवली, नव्या तारा चढवल्या. आमच्या पायरीवर बसून, मांडीवर आडवी घेऊन वाजवून दाखवली, तेव्हा काकांचे डोळे भरून आले. त्याच काकांनी ती घरात घेण्याआधी तिच्यावर पाणी शिंपडलं.

"मालक, सरेस सुटंल! लाकडाला पाणी चालत न्हाई!" अंगातला सदरा काढून तो गिटार पुसू लागला.

"पुन्हा शिवलास?" काकांनी अख्खा तांब्या गिटारवर ओतला.

तो तांब्या मीच भरून आणला होता. चौऱ्याहत्तर साल होतं आणि मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत होतो.